सात किलो साखळी

शेडमध्ये होतं ते असं: बसून चालवायची गवत कापायची गाडी एक, डाव्या अंगाला पोचा आलेली. तिची पाती दोन, धार लावलेली. झिजून टाकून दिलेली पाती पाच. कानशी दोन, एक चपटी, एक अर्धगोल. सहा फुटी फळ्या दोन. हवा भरायचा पंप एक. पेट्रोलचा डबा एक, निम्मा भरलेला. तुटक्या आकड्याची गंजकी साखळी एक. दोन्ही टोकं सोललेला वीतभर तारेचा तुकडा एक. आणि भिंतीतल्या खिळ्याला टांगलेला उजव्या पायाचा गमबूट एक, टाच तिरकी छाटलेली.

गमबूट सासूनं टांगला होता, तोही दारातून आत पाऊल टाकलं की समोर दिसेल असा.

"काढ तो तिथून," सासरे रोज म्हणायचे.

"राहू दे की. बघितला की मला बरं वाटतं," सासू म्हणायची. "आत पाय नव्हता ना, म्हणून."

आत पाय होता, पण टाच जेमतेम बोटभर वर होती. अठरा दिवसांपूर्वी सासरे मैदानाच्या उतारावर, ओल्या गवतात, आडवी गाडी चालवत होते. गाडी डावीकडे कलंडली आणि ते फेकले गेले. बसणारा उठला की सीटखालचं बटण सुटतं, इंजिन बंद पडतं आणि पाती थांबतात, अशी त्या गाडीची घडण. पण सासऱ्यांना या बटणाचा भारी जाच. दगड उचलायला जरा उठावं, तर इंजिन बंद. म्हणून त्यांनी चार वर्षांपूर्वी बटणाच्या दोन वायरी एका तारेनं जोडून टाकल्या होत्या. बटण गप्प झालं. त्या दिवशी सासरे खाली आणि पाती फिरतच. गमबुटाची टाच गेली, घोटा मोडला. पाय आता गुडघ्यापर्यंत प्लॅस्टरमध्ये होता.

तारेचा तुकडा काढला होता सुनेनं. सहा वर्षं ती या गाडीच्या खाली होती. सीटवर घरात फक्त सासरे बसायचे, खालचं सगळं तिचं. पाती उतरवणं, कानशीनं धार काढणं, खिळ्यावर अडकवून दोन्ही बाजू समतोल आहेत का बघणं, पात्यांवरच्या लोखंडी झाकणाला चिकटलेलं गवत खरवडणं. त्या झाकणाला घरात परात म्हणत, कारण ते पालथ्या परातीसारखंच दिसायचं. आणि गाडीला म्हणत बसकी.

बुधवारी सकाळी मुकादम दारात उभा राहिला. मैदानाची सगळी देखरेख त्याच्याकडे. आत यायला सांगितलं तरी आला नाही, तेव्हाच सासूनं ओळखलं की हा गोड बोलायला आलेला नाही.

"काका, अकरा दिवस पाऊस झाला. गवत पोटरीला लागतंय. रविवारी शर्यती आहेत."

"माहीत आहे," सासरे खाटेवरून म्हणाले.

"शुक्रवारी चारला मी पट्टी घेऊन येणार. गवत चाळीस मिलिमीटर पाहिजे, सगळीकडे. एखादा मिलिमीटर इकडेतिकडे चालेल, जास्त नाही. नसेल तर तारवाल्याला सांगून ठेवलंय. यंदाही त्याचं आणि पुढंही त्याचंच."

तारवाल्याकडे सहा माणसं होती, खांद्याला अडकवायची सहा यंत्रं होती. त्यांच्या तोंडाशी पातं नसून नायलॉनची तार फिरायची, म्हणून तो तारवाला. एकोणीस वर्षं हे मैदान या घराचं होतं. आसपासच्या लोकांना त्या घराची दुसरी ओळखच नव्हती, 'मैदानवाले' एवढीच.

"चालवणार कोण?" मुकादमानं विचारलं.

सगळ्यांनी सुनेच्या नवऱ्याकडे बघितलं. तो दुधाची गाडी चालवायचा, आत्ताच रिकामी करून आला होता. त्यानं दोन्ही हात वर केले. "मी एकदा बसलो होतो. मैदानाची नांगरट झाली होती. विचारा बाबांना."

"नांगरट बरी म्हणायची," सासरे म्हणाले.

"मी चालवते," सून म्हणाली.

मुकादमानं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. त्याला फार वेळ लागला नाही, कारण ती होतीच तेवढीशी. "वहिनी, वाऱ्यानं उडून जाल," तो म्हणाला, आणि स्वतःच हसला.

*

बसकी मैदानावर न्यायची म्हणजे दूधगाडीच्या मागं जोडलेल्या दोनचाकी ट्रॉलीत चढवायची. सासरे फळ्या लावायचे आणि बेधडक वर न्यायचे. सुनेनं आधी टेप काढला.

"ट्रॉलीची उंची सव्वीस इंच. फळी सहा फूट. हा चढ फार होतो. पुढची चाकं उचलली गेली, तर गाडी माझ्या अंगावर."

"एकोणीस वर्षं चढवतोय मी," सासरे खुर्चीतून ओरडले. त्यांना अंगणात आणून बसवलं होतं, पाय स्टुलावर.

"आणि मी एकोणीस वर्षं डोळे मिटून घेतेय," सासू म्हणाली.

सुनेनं नवऱ्याला सांगितलं, ट्रॉलीची चाकं रस्त्याकडेच्या चरात उतरवा. त्यानं दोनदा मागं-पुढं करून उतरवली. पुन्हा टेप. तेरा इंच. चढ निम्म्यावर आला. मग तिनं फळ्यांची वरची टोकं दोरीनं ट्रॉलीला करकचून बांधली, कारण ओली फळी सरकते आणि एकच सरकते. परात वर उचलून घेतली, पात्यांचा खटका बंद आहे हे हातानं चाचपून बघितलं, आणि पहिल्यांदाच सीटवर बसली.

सीट गार होती. सासऱ्यांच्या बैठकीनं तिला खोलगट आकार आलेला, त्यात ती वाटीतल्या चमच्यासारखी एका बाजूला गेली.

"मध्ये थांबू नकोस," सासरे म्हणाले. "वळवू पण नकोस."

हे मात्र त्यांचं बरोबर होतं. ती सगळ्यांत खालच्या गिअरमध्ये सरळ चढली. फळ्या वाकल्या, करकरल्या. वर पोचल्यावर तिनं ब्रेक लावला, इंजिन बंद केलं, किल्ली खिशात घातली, पेट्रोलची तोटी फिरवली आणि चारी कोपऱ्यांना दोऱ्या ओढल्या. मग खाली उतरून ट्रॉली हलवून बघितली. ट्रॉली हलली, बसकी ट्रॉलीवर हलली नाही.

नवरा म्हणाला, "मलापण कधी एवढं घट्ट धरलं नाहीस."

"तुम्ही कलंडत नाही," ती म्हणाली.

*

मैदानावर तारवाल्याची माणसं कट्ट्यावर पाय सोडून बसली होती. काम त्यांचं नव्हतं, अजून. तारवाला स्वतः उभा होता, कंबरेवर हात, टोपी मागं सारलेली. माणूस वाईट नव्हता. नुसता वाट बघत होता, आणि ते लपवत नव्हता.

सुनेनं बसकी उतरवली, सपाट जागी आणली, पाती सुरू केली. चार पावलं गेली आणि इंजिन बंद पडलं.

तिनं पुन्हा सुरू केलं. सात पावलं. बंद.

तिसऱ्यांदा तिला कळलं. मैदान लांबून सपाट दिसतं, पण सीटवर बसलं की त्यात शंभर खड्डे. प्रत्येक खड्ड्याला ती सीटवरून बोटभर उडत होती, आणि ती उडाली की बटणाला वाटत होतं बसणारा उठला. सीटची स्प्रिंग सासऱ्यांच्या ऐंशी किलोंना लावलेली. ती सैल करायचा स्क्रू सीटखाली होता. तेल सोडून तिनं तो फिरवायचा प्रयत्न केला, तर गंजलेल्या स्क्रूच्या डोक्याची खाच गुळगुळीत झाली आणि स्क्रू जागचा हलला नाही.

वीस मीटरमध्ये गाडी सहा वेळा बंद पडली. कट्ट्यावर प्रत्येक वेळी टाळ्या पडल्या. सहाव्यांदा तारवाल्यानं बोट ओठांवर ठेवून माणसांना गप्प केलं, ते तिला जास्त लागलं.

"ताई," तो म्हणाला, "गाडीला तुम्ही बसलाय हेच कळत नाही."

तिनं किल्ली काढली, बसकी मैदानावरच्या सामानाच्या खोलीत ढकलली, कुलूप लावलं आणि मान वर न करता निघाली.

घरी सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा आवाज मऊ झाला, तोच तिला नको होता. "सूनबाई, यात अवघड काय आहे? तो तारेचा तुकडा शेडमध्ये आहे. दोन वायरी, एक पीळ. झालं. शुक्रवारपुरतं."

"नाही," ती म्हणाली.

"मैदान जाईल."

"तार मी जोडणार नाही, बाबा. जोडलीत तर मी बसणार नाही."

सासरे लाल झाले. घरात त्यांना सरळ नाही म्हणणारं आजवर कोणी नव्हतं. सासू नाही म्हणायची, पण आडवळणानं. आत्ता ती नुसती उठली, शेडमध्ये गेली आणि तो गमबूट काढून आणून सासऱ्यांच्या खाटेखाली, दुसऱ्या बुटाच्या शेजारी नीट ठेवला. मग कामाला लागली.

सून गिरणीत गेली. तिथल्या काट्यावर उभी राहिली. त्रेचाळीस किलो. परत येताना तिनं प्लॅस्टिकचा कॅन आणि मोजायचं भांडं घेतलं, नवऱ्याला बरोबर घेतलं आणि दोघं पुन्हा मैदानावर गेले. कट्टा आता रिकामा होता.

पाती बंद ठेवून, नुसतं इंजिन चालू ठेवून तिनं फुटबॉलच्या गोलपोस्टजवळचा सगळ्यांत वाईट खड्डा निवडला. मांडीवर कॅन. तीन लिटर पाणी: बंद पडली. पाच: बंद. सहा: एकदा गेली, एकदा बंद. सात लिटर पाण्यावर ती त्या खड्ड्यातून दहा वेळा गेली. दहाही वेळा इंजिन चालू राहिलं.

"झालं तर मग," नवरा म्हणाला. "सात किलोचा दगड सीटला बांधून टाकू."

"आणि मी पडले तर? दगड बसून राहील, पाती फिरत राहतील. तारेत आणि दगडात फरक काय?"

"मग कॅन घेऊन बस."

"वळणावर निसटेल. आणि हात दोनच आहेत." तिनं कॅन खाली ठेवला. "वजन माझ्या अंगाला पाहिजे. मी उठले की तेही उठलं पाहिजे."

नवऱ्यानं डोकं खाजवलं. मग त्याच्या डोळ्यांत काहीतरी लकाकलं. "शेडमधली साखळी."

तुटक्या आकड्याची साखळी काट्यावर सात किलो दोनशे भरली. सासूनं जुन्या ताडपत्रीची लांब पिशवी बेतली, साखळी त्यात आतड्यासारखी भरली, मधेमधे दाभणानं टाके घातले, म्हणजे सगळं वजन एकीकडे गोळा होणार नाही. दोन्ही टोकांना बंद लावले.

"गाठ कशी मारू?" सासूनं विचारलं.

"एका ओढीत सुटेल अशी. अडकले तर काढता आली पाहिजे."

सासूनं ती तिच्या कमरेला बांधली, एक पाऊल मागं सरकून बघितलं आणि म्हणाली, "सहा वर्षं खाऊ घालतेय, पण हे काही मला जमलं नव्हतं."

*

गुरुवारी दव वाळेपर्यंत सुनेनं बसकीला हात लावला नाही. आधी चाकांत हवा बघितली. मागच्या डाव्या चाकात उजव्यापेक्षा कमी होती. डावं चाक बसलं की परात डावीकडे झुकते आणि गवत तिरकं कापलं जातं. तिनं पंपानं दोन्ही सारखी केली. मग ती आणि सासू मैदानभर वेचत चालल्या. एकेचाळीस दगड, तीन बाटल्या, एक चप्पल आणि तंबूची एक लोखंडी खुंटी निघाली.

"मी बघितलं असतं चालवता चालवता," सासरे असते तर म्हणाले असते. सासूनं ते त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवलं.

गवत दोनशे तीस मिलिमीटर होतं. एकदम चाळीसवर आणलं असतं, तर पिवळं पडून मुळासकट हललं असतं. तिनं परात सगळ्यांत वर, शंभरावर ठेवली आणि उंच गवतात अर्ध्याच रुंदीचा पट्टा घेत गेली. साखळी कमरेच्या हाडावर बसली होती. खड्डा आला की ती जड होऊन खाली ओढायची, आणि इंजिन एका सुरात चालत राहायचं.

गवत ओलं होतं, परात चोंदली. तिनं पाती बंद केली, इंजिन बंद केलं, किल्ली काढली, प्लगची टोपी उपसली आणि मगच काठीनं गवत ओढून काढलं. असं दिवसभरात नऊ वेळा झालं. नऊही वेळा तिनं तोच क्रम केला. कट्ट्यावरचा एकजण म्हणाला, "पूजा चाललीय जणू." पण टाळ्या पडल्या नाहीत.

संध्याकाळी गवत सत्तरवर आलं होतं. सासूनं कापलेलं गवत दाताळ्यानं ओढून कडेला बारा ढीग घातले होते. सुनेनं साखळी सोडली, तर कमरेला दोन्हीकडे काळेनिळे वळ उठलेले. सासूनं तेल गरम करून आणलं.

*

शुक्रवारी सकाळी सासरे हट्टानं आले. दूधगाडीच्या पुढच्या सीटवर बसून, रिकाम्या कॅनांच्या खडखडाटात. कुबड्या टेकत कडेला गेले, स्टुलावर बसले. त्यांच्या खिशात तारेचा तुकडा होता. सासूला तो दिसला, पण तिनं दिसल्याचं दाखवलं नाही.

सपाट भाग अकरापर्यंत झाला. राहिला पूर्वेचा उतार, लोक बसून शर्यती बघतात तो.

"आडवे पट्टे मार," सासरे ओरडले. "लांबून शोभा येते."

सुनेनं टेप आणि ओळंबा काढला. एक मीटरची सरळ पट्टी उताराला वरच्या टोकाकडून आडवी धरली, खालच्या टोकाशी ओळंबा सोडला आणि जमिनीपर्यंतचं अंतर मोजलं. बावीस सेंटिमीटर. पुढं चोवीस. त्या गाडीच्या पुढच्या झाकणावर चित्र होतं, उताराचं, पंधरा अंशांचं. तिचा हिशेब सरळ होता: मीटरला सव्वीसपर्यंत गाडी, त्यापुढं नाही. उत्तरेच्या कोपऱ्यात पट्टीला एकोणचाळीस आले. वीस दिवसांपूर्वी बसकी तिथंच कलंडली होती. जमिनीत पात्यांनी ओढलेल्या खुणा अजून होत्या.

ती उभी चढली, उभी उतरली. वळायचं ते वरच्या सपाटीवर किंवा खाली, उतारावर कधीच नाही. आठव्या पट्ट्यात, अर्धं उतरल्यावर, तिला समोर गवतात काहीतरी चमकलं. काल नजरेतून सुटलेली तंबूची दुसरी खुंटी. तिनं ब्रेक दाबला, पण चाकं ओल्यावर घसरत होती आणि खुंटी हातभर पुढं होती. तिनं ब्रेक दाबून धरला आणि सीटवरून अंग उचललं.

साखळी तिच्याबरोबर उठली. इंजिन बंद पडलं. खालून पात्यांची घरघर उतरत गेली आणि गप्प झाली.

गाडी थांबली होती. तिनं हातब्रेक ओढला, किल्ली काढली, उतरून खुंटी उपटली आणि खिशात घातली.

"थांबायला किती लागलं?" सासऱ्यांनी कडेवरून विचारलं.

"तीन आकडे मोजले," ती म्हणाली.

सासरे आपल्या प्लॅस्टरकडे बघत राहिले. "मला तर मोजायला वेळच मिळाला नव्हता," ते म्हणाले. हळू म्हणाले, पण सासूनं ऐकलं.

अडीचला उत्तरेचा कोपरा सोडून सगळं झालं. सुनेनं बसकी खाली सपाटीवर उभी केली. मुकादम लवकर आला होता, तारवाला त्याच्या बाजूला.

"तो कोपरा?"

"तिथं गाडी जाणार नाही."

"काका जायचे."

"म्हणूनच ते स्टुलावर बसलेत," ती म्हणाली.

तारवाला हसला, मग म्हणाला, "माझी पोरं अर्ध्या तासात करतील. पण मग हात लागला तो लागला. मैदान आमचं."

"चार वाजायला दीड तास आहे," सून म्हणाली. "कोपऱ्यात गाडीच चालवायची असं कुणी म्हटलेलं नाही."

तिनं साखळीची गाठ ओढली. एका ओढीत सुटली. मग दूधगाडीतून विळे काढले, तीन. सासूनं एक घेतला, पदर खोचला. नवऱ्यानं दुसरा घेतला. तिसऱ्याची मूठ सैल होती, पातं लटलट हलत होतं.

"इकडं आण तो," सासरे म्हणाले.

त्यांनी खिशातून तारेचा तुकडा काढला, मुठीला दोन फेरे घातले, दातांनी पीळ दिला आणि पातं हलवून बघितलं. हललं नाही. मग कुबड्या बाजूला टाकल्या, स्टुलावरून खाली बसले आणि प्लॅस्टरचा पाय सरळ पुढं ठेवून, बसल्या बसल्या सरकत, कोपऱ्याची खालची कड कापू लागले.

"अहो, पाय!" सासू ओरडली.

"पाय बसलाय, मी कापतोय. तू तुझं बघ."

सून पट्टी घेऊन मागोमाग होती. दर हातभर अंतरावर टेकवून बघायची. "बाबा, इथं पन्नास आहे."

"कुठं?"

"तुमच्या डाव्या हाताशी."

सासऱ्यांनी निमूटपणे परत मागं सरकून तेवढं पुन्हा कापलं. एकोणीस वर्षांत त्यांना कुणी पन्नास सांगितलं नव्हतं. तारवाल्याची माणसं कट्ट्यावरून उतरून कडेला आली होती. कुणीतरी दाताळं उचललं आणि कापलेलं गवत ओढायला लागलं. तारवाल्यानं त्याला अडवलं नाही. थोड्या वेळानं त्यानं टोपी पुढं ओढली आणि मुकादमाला म्हणाला, "मी जातो. पट्टी काढा तुमची."

चारला सहा मिनिटं असताना सून उभी राहिली. हात गवतानं हिरवे झालेले, कमरेवर ताडपत्रीचे टाके उमटलेले. सासरे गवतात पाय पसरून बसले होते, घामाघूम, विळा मांडीवर.

मुकादमानं पोलादी पट्टी काढली. सपाट भागावर चार जागा त्यानं निवडल्या, उतारावर तीन. शेवटच्या दोन कोपऱ्यात घेतल्या, एक वर आणि एक खाली, सासऱ्यांच्या पायाजवळ. प्रत्येक वेळी गुडघ्यावर बसून, डोळा पट्टीच्या पातळीला आणून, आकडा मोठ्यानं वाचला. चाळीस. चाळीस. एकेचाळीस. चाळीस. एकोणचाळीस. चाळीस. चाळीस. एकेचाळीस. चाळीस.